इंदूअक्का, काळे आणि काले

अक्का, काल संध्याकाळी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये तुमची शोकसभा झाली. मांडलेल्या खुर्च्यांपैकी निम्म्या भरल्या. तुमचा फोटो कुणीतरी मोठा करून आणला होता. त्यात तुम्ही हसताय, म्हणजे तो तुमच्या नकळत काढलेला असणार. कार्यवाह वकीलसाहेब उठले, घसा खाकरला आणि म्हणाले, "आपल्या वाचनालयाच्या संगणकीकरणाचा पाया इंदिराबाईंनी घातला."

मी दुसऱ्या रांगेत होते. उठून उभी राहिले नाही. "नाही, तो पाया मी घातला, आणि तो घालताना अक्कांना बाजूला सारलं," असं म्हणायला किती शब्द लागले असते? सगळ्यांबरोबर दोन मिनिटं स्तब्ध उभी राहिले, फोटोला फूल वाहिलं आणि परत खाली बसले. तुम्ही जाऊन बारा दिवस झाले. बारा दिवसांनंतरही मला तुमच्याशी भांडायचंच आहे. तुम्हाला ते आवडलं नसतं, पण नवलही वाटलं नसतं.

मी तुमच्या हाताखाली आले ती ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊन. वर्गीकरणाचे आकडे तोंडपाठ होते आणि त्याची थोडी घमेंडही होती. पहिल्या दिवशी तुम्ही मला कार्डांच्या कपाटापुढं उभं केलंत. साठ खण, प्रत्येकाला पितळी कडी आणि आत सळईत ओवलेली कार्डं.

"हे वाच," म्हणालात.

"सगळं?"

"आज एक खण वाच. उद्या दुसरा."

मला वाटलं ही नव्या मुलीची चेष्टा आहे. तासाभरात कळलं, की चेष्टा नाही. कार्डाच्या पुढच्या बाजूला सगळीकडे असतं तेच होतं: लेखकाचं आडनाव, पुस्तकाचं नाव, क्रमांक. पाठीमागची बाजू मात्र तुमची होती. जनावरांच्या रोगांवरच्या एका पुस्तकाच्या कार्डामागे लिहिलं होतं, 'अळणावरकडची माणसं लाळ-खुरकताला कालुबायी म्हणतात. त्या शब्दाखालीही कार्ड ठेवले आहे.' मी 'क' चा खण उघडला. कार्ड होतं. दुसऱ्या एका कार्डामागे, 'हे टोपणनाव. घरचे लोक खऱ्या नावानं विचारत येतात, तिथं बघावे.' आणखी एकावर, 'ह्यातील तिसरे प्रकरण वाचून एका बाईंनी पुस्तक परत केले. कोणाला देताना विचारून द्यावे.' पुस्तक एक आणि कार्डं चार, पाच, कधी सात.

मी विचारलं, "एवढी कार्डं कशाला, अक्का?"

तुम्ही मान वर न करता म्हणालात, "नाव माहीत असलेल्याला पुस्तक कोण पण काढून देईल की. ज्याला नाव आठवत नाही त्याला मिळायला पाहिजे."

तुमच्याबद्दल चांगलं बोलायचं तर मी हे वाक्य सांगते. काल बोलायला उभी राहिले असते तर हेच सांगितलं असतं आणि लोकांनी माना डोलावल्या असत्या. पण त्याच महिन्यातलं दुसरं मी कुणाला सांगत नाही. मी लिहिलेली चौदा कार्डं तुम्ही काउंटरवर, कॉलेजच्या दोन प्राध्यापकांसमोर, एकेक करून फाडलीत. पिंपळ्यांचं मी पिंपले केलं होतं. 'ळ' च्या जागी 'ल'. तुम्ही आवाज चढवला नाहीत. तुम्ही कधीच चढवत नव्हतात, तेच तर जास्त लागायचं. "मेलेल्या माणसाचं नाव आहे हे, शैला. तो उठून दुरुस्त करायला येणार नाही," म्हणालात आणि तुकडे माझ्या हातात दिलेत. मी मागच्या खोलीत जाऊन रडले. परत आले तेव्हा टेबलावर नवी कोरी चौदा कार्डं ठेवलेली होती.

मला तुमचा राग येत असे. आणि तुमच्याशिवाय करमतही नसे. माझ्या मुलीच्या जन्मानंतर रजा संपली तरी ती आजारीच होती. कमिटीला माझ्या जागी दुसरी बाई घ्यायची होती. तुम्ही दोन महिने दोन्ही टेबलांचं काम केलंत आणि हजेरी-पुस्तकात माझ्या नावापुढं काय लिहिलंत ते तुम्हालाच ठाऊक. तुम्ही त्याबद्दल मला एका शब्दानं बोलला नाहीत. मला ते पुढच्या वर्षी शिपायाकडून कळलं. मी तुमच्या टेबलाशी येऊन काहीतरी पुटपुटले, तेव्हा तुम्ही "साकु, पुरे, कामाला लाग," म्हणून अर्ध्या कन्नडमधूनच मला परत पाठवलंत.

मग संगणक आले. कमिटीनं ठरवलं की सगळी कार्डं यंत्रात घालायची आणि लोकांना घरबसल्या बघता येईल असा ऑनलाइन कॅटलॉग करायचा. तुमच्या निवृत्तीला तीन वर्षं उरली होती, म्हणून प्रशिक्षणाला मला पाठवलं. मी रोज हुबळीला जात होते आणि परत येताना बसमध्ये मनातल्या मनात संगणकाचे पडदे उघडत-मिटत होते. तुम्हाला खरं सांगते अक्का, मला ते फार आवडलं होतं. एक शब्द टाकला की साठ खण एका क्षणात उघडत होते. मला पहिल्यांदाच वाटलं, की मला काहीतरी येतं आणि ते तुम्हाला येत नाही.

तुम्ही एकदाच येऊन माझ्या खुर्चीमागे उभ्या राहिलात. बराच वेळ बघितलंत. मग विचारलंत, "ह्यात पाठीमागची बाजू कुठं लिहायची?"

"नोंदीचा रकाना आहे की, अक्का. हवं तेवढं लिहिता येतं."

"मग लिहिणार कोण?"

मला उत्तर माहीत होतं. डेटा एंट्रीचं काम केशवापूरच्या एका कंपनीला दिलं होतं आणि करारात तीनच गोष्टी होत्या: लेखक, नाव, क्रमांक. कार्डाची पुढची बाजू. टाइप करणाऱ्या मुलींना मराठी वाचता येत होतं थोडंफार, पण नावं रोमन अक्षरांत घालायची असं ठरलं होतं. तपासायचं काम माझं. मी तुम्हाला म्हणाले, "ते नंतर सावकाश करता येईल."

तुम्ही हसलातसुद्धा नाहीत. "नंतर," एवढंच म्हणालात आणि गेलात.

पहिले नऊ खण मी अक्षर न् अक्षर तपासले. दहाव्यापासून दर दहा कार्डांतलं एक. विसाव्यानंतर उद्घाटनाची तारीख ठरली, वकीलसाहेब दिवसाआड येऊन "आयतु का, बाई? झालं का?" विचारू लागले, आणि मी प्रत्येक गठ्ठ्यावर 'तपासले' असं लिहून सही करू लागले. बघितलं नाही असं नाही. वरवर बघितलं. बघितल्यासारखं बघितलं.

तुम्ही कमिटीला एकच विनंती केली होती. कार्डांचं कपाट दोन वर्षं तसंच राहू द्यावं, दोन्ही सोबत चालू द्यावं. तुमची विनंती काही भलतीच नव्हती. कमिटीतल्या दोघातिघांना ती पटलीही होती. मग त्यांनी ठरवलं की प्रशिक्षण घेतलेल्या बाईंचं लेखी मत मागवावं.

मी चार ओळी लिहिल्या. त्यातली शेवटची अशी होती: 'दोन्ही पद्धती एकाच वेळी ठेवण्याची गरज नाही.'

का लिहिलं ते मी इतकी वर्षं स्वतःला वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगितलं. जागा कमी होती. वाचकांचा गोंधळ झाला असता. खरं कारण एवढंच, की ते कपाट तिथं असेपर्यंत मी तुमची हाताखालचीच राहिले असते. कुणीही येऊन आधी तुम्हालाच विचारलं असतं.

कमिटीकडे जाणारा प्रत्येक कागद तुमच्या टेबलावरून जायचा, हे मला माहीत होतं. तरी मी ते पाकीट बंद केलं नाही. तुम्ही चष्मा लावून वाचलंत. मी समोर उभी होते. फाडाल असं वाटलं, खरं तर फाडावं असंच वाटत होतं. तुम्ही कोपऱ्यात आद्याक्षरं केलीत, कागद माझ्याकडे सरकवलात आणि म्हणालात, "शुद्धलेखनाची चूक नाही. पाठव."

अक्का, एका 'ळ' साठी चौदा कार्डं फाडणारी बाई तुम्ही. त्या दिवशी गप्प का बसलात? तुम्ही एकदा "हे खोटं आहे" म्हणाला असतात तर मी तो कागद परत घेतला असता. असं मला आता वाटतं. नसताही घेतला कदाचित. पण म्हणायला तर हवं होतंत.

कार्डं नेली त्या दिवशी तुम्ही रजा टाकलीत. निवृत्त होईपर्यंतच्या सगळ्या काळात तुम्ही घेतलेली ती एकच किरकोळ रजा. रद्दीवाल्यानं सळया ओढून काढल्या आणि कार्डं पोत्यांत ओतली. ओतताना फार आवाज होत नाही, हे मला तेव्हा कळलं. कपाट मात्र कुणी मोडीत घातलं नाही. ते वकीलसाहेबांच्या कोप्पीकर रोडवरच्या ऑफिसात गेलं. अजून तिथं आहे. पॉलिश केलंय, पितळ चकाकतंय, येणारे जाणारे विचारतात कुठून मिळवलंत. खणांत काय ठेवलंय ते मी बघितलं नाही.

तुम्ही निवृत्त झालात, केलगेरीच्या घरी राहायला गेलात आणि मी तुमच्या खुर्चीत बसले. खुर्ची बदलून घेतली होती, तरी तुमचीच होती.

यंत्राला मी दोष देणार नाही, अक्का. हा आपला वाद अर्धा राहिला आणि माझी बाजू मी आजही सोडत नाही. कलघटगीची एक मुलगी फोनवर बघते, पुस्तक आहे म्हटल्यावरच बस धरते. पूर्वी ती येऊन हात हलवत परत गेली असती. हे मी तुम्हाला एकदा फोनवर सांगितलं होतं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "हे चांगलं झालं." मनापासून म्हणालात, मला आवाजावरून कळतं. यंत्रानं काही हरवलं नाही. त्याला जे दिलं ते त्यानं ठेवलं. जे दिलं नाही ते आम्ही पोत्यांत भरलं.

मग एका सकाळी वैशाली आली. हुबळीच्या एका हायस्कुलात शिकवते. तिला तिच्या आजीचं पुस्तक हवं होतं. आजीचं नाव भागीरथीबाई काले, अळणावरच्या आसपासच्या खेड्यांत सुईण होती. घरातली प्रत कधीच नाहीशी झालेली. वैशालीची आई केशवापूरला अंथरुणाला खिळलेली होती, तिच्या मनानं घेतलं होतं की आईचं पुस्तक एकदा कुणीतरी वाचून दाखवावं. "आई म्हणते, तुमच्या लायब्ररीत नक्की आहे. ती स्वतः येऊन बघून गेली होती, फार वर्षांपूर्वी."

मी भागीरथी घातलं, बी घालून, बीएच घालून. काले घातलं, लांब यादी आली, तिच्यात भागीरथी नव्हती. सुईण घातलं, बाळंतपण घातलं. काही मिळालं नाही. तिला बसायला सांगितलं आणि आत जाऊन तुम्हाला फोन लावला.

तुम्ही क्षणभरही थांबला नाहीत. "नवऱ्याच्या नावावर आहे ते. र. ग. काले, पुस्तकाचं नाव 'आठवणी'. तो लाकडाच्या डेपोत कारकून होता. बायकोनं सांगितलं, त्यानं लिहून काढलं आणि स्वतःचं नाव घालून छापलं. मुलगी येऊन मला सांगून गेली होती. मी भागीरथीबाईच्या नावानं वेगळं कार्ड केलं होतं." मग लगेच, "आणि र. ग. काळे म्हणून एक हेडमास्तर होते, त्यांचंही 'आठवणी'च आहे. त्यात घोळ करू नको. तो ळ, हा ल."

मी यंत्रात बघितलं. र. ग. काळे आणि र. ग. काले रोमन अक्षरांत एकच होतात. टाइप करणाऱ्या मुलीनं दोन पुस्तकांना एक धरलं होतं: 'आठवणी', प्रती दोन. आणि गेल्या वर्षी, कुणी नेत नाही म्हणून, जादा प्रती काढून टाकायची यादी केली होती. दुसरी प्रत त्या यादीत होती. यादीखाली सही माझी. शेल्फवर हेडमास्तर तेवढे उभे होते.

मी बाहेर आले. वैशाली उठून उभी राहिली. मी म्हणाले, "नाही हो. आमच्याकडे हे पुस्तक नव्हतंच. तुमच्या आईंची काहीतरी चूक होत असेल."

किती सहज बोलले. ती "बरं" म्हणून गेली.

दुसऱ्या दिवशी तुमचा फोन आला. "मिळालं का?"

"नाही, अक्का. रद्दीत गेलं."

"कुणाची सही होती?"

"माझी."

"तिला सांगितलंस?"

मी हातातली यादी घडी करत राहिले. पलीकडून तुम्ही फोन ठेवल्याचं कळलं.

आठवड्यानं मी केलगेरीला आले. ते तुम्हाला आठवत असेल. मी शंभर पानी वही घेऊन आले होते. तुम्ही चुरमुऱ्यांचं गिरमिट केलंत, तळलेली मिरची वाढलीत, माझ्या मुलीच्या परीक्षेचं विचारलंत, तलावाकडं पक्षी आलेत ते सांगितलंत. मग मी वही काढली. म्हणाले, "अक्का, कार्डांच्या पाठीमागचं जे आठवतं ते सांगा. मी उतरवून घेते. यंत्रात घालते. दर रविवारी येईन."

तुम्ही बशी उचलून आत नेलीत, धुऊन ठेवलीत, हात पुसत बाहेर आलात. "त्याची गरज नाही, असं तूच लिहिलंयस की," म्हणालात.

मी म्हणाले, "चुकलं माझं."

"चुकलं नाही. वाक्य बरोबर होतं. बस, चहा टाकते."

मी पुन्हा दोनदा विचारलं. तुम्ही दुसरंच बोलत राहिलात. निघताना फाटकापर्यंत पोचवायला आलात, जपून जा म्हणालात, आणि मी परत कधी वही घेऊन आले नाही. दर दिवाळीला आले, दर संक्रांतीला आले. मागच्या महिन्यात तीन दिवस दवाखान्यात होतात तेव्हा आले, पण तुमचे डोळे मिटलेले होते आणि मी उठवलं नाही. साठ खण तुम्ही बरोबर घेऊन गेलात. तो सूड होता, की कंटाळा, की मला खरंच शिकवायचं होतं काही, मला कळलेलं नाही. मी इतकी वर्षं सूड धरूनच चालले होते. तसं धरलं की माझ्या वाटणीचं थोडं हलकं व्हायचं.

काल सभा संपल्यावर लोक चहाकडे वळले आणि एक बाई माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या. मी ओळखलं नाही. "मी वैशाली," म्हणाल्या. "तुमच्याकडे पुस्तक विचारायला आले होते."

मी म्हटलं, "तुम्ही अक्कांना कशा ओळखता?"

तिनं सांगितलं ते तुम्हाला माहीत आहे, पण मला काल कळलं. मी फोनवर तुम्हाला खरं सांगितलं त्याच्यानंतरच्या रविवारी तुम्ही चिगरी बसनं हुबळीला गेलात, केशवापूरला घर शोधून काढलंत आणि तिच्या आईच्या कॉटजवळ बसलात. म्हणालात, "पुस्तक आमच्याकडे होतं. आमच्याकडून गेलं. पण मी कार्ड लिहायच्या आधी प्रत्येक पुस्तक वाचत असे. जेवढं आठवतं तेवढं सांगते."

चार रविवार. पावसात नदी ओलांडून बाळंतिणीकडे जाण्याचं, जुळ्यांचं, सावकाराच्या सुनेचं, सगळं तुम्ही आठवून सांगितलंत. तिची आई मधेच म्हणायची, "नाही, तिथं आई असं म्हणाली होती," आणि तुम्ही "हौदु, हो, तसंच होतं," म्हणून दुरुस्त करून पुढं जायचात. वैशाली शेजारी बसून वहीत लिहीत होती. पाचव्या रविवारच्या आत तिची आई गेली.

मी मनात हिशेब लावला, अक्का. माझ्या वहीला नको म्हणालात तो त्या चार रविवारांतलाच एक होता. गिरमिट खायला घालून मला वाटेला लावलंत आणि दुपारच्या बसनं तुम्ही तिकडं गेलात.

"आणि पुस्तक कुणामुळं गेलं, ते काय सांगितलं त्यांनी?" मी विचारलं.

"त्या म्हणाल्या, चूक माझीच. दोन नावं सारखी होती, मी वेळेवर वेगळी खूण करून ठेवली नाही."

हे तुम्ही का केलंत? माझ्या मुलीच्या आजारपणात केलंत तसंच. न विचारता, न सांगता, माझ्या वाटणीचं उचलून स्वतःच्या डोक्यावर घेतलंत. त्या वेळी मला नोकरी मिळाली. या वेळी काय मिळालं? त्या बाई जिवंत असताना मी त्यांच्यासमोर जाऊन "मी केलं" म्हणायला हवं होतं, ती जागा तुम्ही अडवून ठेवलीत. तुम्ही तिकडं जायच्या आधी मला एक फोन करायला हवा होता. 'चल माझ्याबरोबर,' एवढंच. मी आले असते का? आले नसते असं तुम्हाला वाटलं असणार. तुमचं माझ्याबद्दलचं हे मत मला काल, चहाचा कप हातात घेऊन, पहिल्यांदा कळलं. ते बरोबर असावं याचंच जास्त वाईट वाटतं.

मी वैशालीला म्हणाले, "अक्कांची चूक नव्हती. यादीवर माझी सही होती. आणि तुम्हाला पुस्तक नव्हतंच म्हणाले ते खोटं होतं. तेव्हा मला माहीत होतं."

"ते मला तेव्हाच कळलं," म्हणाली. "तुम्ही म्हणालात नव्हतंच. अक्का म्हणाल्या होतं. दोघींतलं कोण खोटं बोलत असेल ते कळायला वेळ लागला नाही. आईलाही कळलं होतं. दुसऱ्या रविवारी तिनं अक्कांना विचारलं होतं, काउंटरवरच्या त्या बाई येणार आहेत का म्हणून."

"मग अक्का काय म्हणाल्या?"

"त्यांनी पुढचं सांगायला सुरुवात केली."

मागं वकीलसाहेब कुणाला तरी सांगत होते, की वाचनालयाच्या वेबसाइटवर तुमचा फोटो टाकायचा आहे. मी वैशालीला विचारलं, ती वही वाचनालयाला द्याल का. मी स्वतः नोंद करेन, भागीरथीबाईंच्या नावानं, अक्का, तुमच्या नावानं, ज्या ज्या नावानं कुणी विचारेल त्या सगळ्या नावांनी. आता यंत्रात देवनागरी चालतं, ळ आणि ल वेगळे राहतात. मी हे सगळं घाईघाईनं बोलले.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नको. तुमच्याकडे नको. तुम्हाला वाचायची असेल तर घरी येऊन वाचा."

"येऊ?"

"या की. पण तिथंच बसून वाचायचं. फोटो काढायचे नाहीत, उतरवून घ्यायचं नाही."

मी हो म्हणाले. येत्या रविवारी दुपारच्या बसनं जाणार आहे.